फळ्यावर अठ्ठावीस

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गाडी साजगाव फाट्यावर थांबली. एकोणीस माणसं उतरायची होती, अठरा उतरली. पुढं कर्जतला जायची नऊ आपापल्या जागी बसून राहिली. सामानाच्या रॅकवर एक निळी रेक्झिनची पिशवी उरली आणि ती कुणीच मागितली नाही.

नरेश दाराजवळच्या सीटवर, मांडीवर फळा घेऊन बसला होता. हिरवा ऑइलपेंट दिलेला लाकडी फळा, सात-सात खिळ्यांच्या चार ओळी, प्रत्येक खिळ्याला आकडा कोरलेलं एक पितळी टोकन. कारखान्यात असाच फळा टाकीखात्याच्या दाराशी टांगलेला असतो. आत जाताना आपलं टोकन काढून खिशात घालायचं, बाहेर आलं की परत लावायचं. फळा भरलेला असला की आत कुणी नाही. नरेश सतरा वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये होता आणि कामगार मंडळाच्या सहलीची जबाबदारी चार वर्षांपासून त्याच्याकडे होती. हा लहान फळा त्यानंच बनवून घेतला होता. कुठंही उतरलं की टोकन घेऊन जा, परत आलात की लावा. लोक पहिल्या वर्षी हसले, मग त्यांना त्याची सवय झाली. आता संध्याकाळच्या पिवळट उजेडात त्यानं फळा वरपासून खालपर्यंत पाहिला. अठ्ठावीस खिळे, अठ्ठावीस टोकनं. तो आणि ड्रायव्हर सोडून खाली अठरा, आत नऊ. तो पुन्हा मोजायला लागला, आणि आपण माणसं मोजायचं सोडून टोकनंच पुन्हा मोजतोय हे त्याच्या लक्षात आलं.

"ही पिशवी कुणाची रं?" साईनाथनं खालून खिडकीत तोंड घालून विचारलं. साईनाथ पॅकिंगखात्यातला, बायको आणि दोन मुलींना घेऊन सहलीला आलेला. "श्रीपतकाकांची दिसते. काका कुठं हायेत?"

"मागं झोपले असतील," ड्रायव्हर सदू म्हणाला.

"मागं माझ्या पोरी झोपल्या व्हत्या. मला वाटलं काका पुढं बसलेत."

"पुढं कुठं? पुढं तर हा फळाच बसलाय," कर्जतच्या लोकांतून पदू म्हणाला. पदू स्टोअरमध्ये कामाला होता आणि दिवसभर गाडीतल्या लोकांना हसवायचं काम त्याच्याकडंच होतं. आताही दोघं-तिघं हसले.

साईनाथनं खिशातून मोबाइल काढून नंबर लावला. रॅकवरच्या पिशवीत बेल वाजायला लागली. पूर्ण वाजून थांबली. पाण्यातून चालत जायचं म्हणून बहुतेकांनी मोबाइल गाडीतच ठेवले होते, तशी सूचना नरेशनंच केली होती. बेल थांबल्यावर कुणी हसलं नाही.

सहा अठराला नरेशनं अलिबागच्या पोलीस ठाण्यात फोन लावला. पलीकडून एक बाई बोलत होत्या. त्यांनी नाव विचारलं, वय, कपडे. श्रीपत, निवृत्त फिटर, बासष्ट. खाकी पँट, तपकिरी स्वेटर, पांढरी टोपी. साजगावचे. सहलीला आलेले. सकाळी रेवदंडा, दुपारी अलिबागचा किल्ला, मग परत.

"किल्ल्यावरून परत आले होते का? गाडीपर्यंत?"

नरेशनं फळ्याकडं पाहिलं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी चौदा नंबर होता.

"टोकन लागलेलं आहे," तो म्हणाला. "म्हणजे परत आले होते. तीन वाजून चाळीस मिनिटांनी."

"मग गावातच असतील कुठंतरी. स्टँड, बाजार, किनारा. बघायला सांगते. किल्ल्यावर अडकले असते तर गोष्ट वेगळी होती. पाणी चढलंय आता, होडी घालावी लागली असती. बरं, परत आले होते हे नक्की ना?"

"हो."

त्यानं फोन खाली ठेवला. टोकन लागलेलं होतं, हे खरं होतं. तीन चाळीस हीसुद्धा वेळ खरी होती. त्याला वेळा नेहमी बरोबर आठवत. मधला एक 'म्हणजे' तेवढा त्यानं स्वतःच्या मनानं घातला होता, आणि त्या एका शब्दामुळं आता साठ किलोमीटरवर एक हवालदार मोटरसायकल घेऊन एसटी स्टँडकडं निघणार होता, समुद्राकडं पाठ करून.

फाट्याच्या शेडमधून गंगाबाई आली. श्रीपतची बायको. गुडघ्यांमुळं ती सहलीला गेली नव्हती, पण नवऱ्याला न्यायला बॅटरी घेऊन फाट्यापर्यंत आली होती, कारण पुलाच्या पुढं रस्त्यावर दिवे नव्हते. तिनं उतरलेल्या माणसांच्या तोंडांकडं पाहिलं, मग गाडीकडं. कुणी सांगायच्या आधीच तिला कळलं असावं. ती पायरीचा दांडा धरून एकेक पाय वर घेत गाडीत चढली, पहिल्या सीटवर बसली आणि म्हणाली, "गाडी फिरव."

"काकू, पोलिसांना फोन केलाय," नरेश म्हणाला. "ते बघतायत."

"त्यांना वळख हाय का त्याची? मला हाय. फिरव रं सदू."

"गंगाकाकू, काका काय लहान हायेत का?" पदू मागून म्हणाला. "चुकामूक झाली असंल. एसटीत बसून येतील. उद्या सकाळी तुमच्या दारात उभे ऱ्हातील आणि विचारतील, चा झाला का."

"तुझ्या तोंडात साखर पडू दे," गंगाबाई मागं न बघता म्हणाली. "पर मी खाली उतरणार नाय."

सदूनं इंजिन बंद केलं. ते बंद झाल्यावर नरेशला कळलं की इतका वेळ ते चालू होतं. समोर कारखान्याची उंच चिमणी दिसत होती आणि तिच्या टोकाचा लाल दिवा लागलेला होता. हवेत तोच ओळखीचा वास, पुठ्ठा जळल्यासारखा, थोडा गोड. दिवसभर समुद्रावर हा वास नाकात नव्हता, हे त्याला आत्ता जाणवलं. दुपारी किल्ल्याकडं चालत जाताना सगळ्यांच्या पिंडऱ्यांना ओल्या वाळूचा गारवा लागत होता. एकादशीचा दिवस, ओहोटी दोनच्या सुमाराला, भरती आठ पाचला, असं त्यानं चार दिवस आधीच कागदावर लिहून ठेवलं होतं. घोडागाडीवाले हाका मारत होते. साईनाथच्या मुली घोडागाडीत बसल्या आणि बाकीचे पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन पाण्यातून गेले. श्रीपत सगळ्यांच्या मागं होता. तो वाळूतल्या खेकड्यांच्या बिळांपाशी थांबत होता, पाण्यावर उतरणाऱ्या कुरव पक्ष्यांकडं मान वर करून पाहत होता. जन्मभर डोंगराच्या पायथ्याशी राहिलेला माणूस, त्याला समुद्राची घाई नव्हती. सकाळी रेवदंड्याला सगळे तटावर चढून फोटो काढत होते तेव्हासुद्धा तो खाली सुरूच्या झाडांत एकटा उभा राहून वारा ऐकत होता. नरेशनं ते पाहिलं होतं. त्या दिवसात श्रीपत कुठं उभा आहे हे त्यानं सारखं पाहिलं होतं, आणि दर वेळी त्याच्यापासून वीस पावलं लांब राहिला होता.

सहलीच्या यादीत श्रीपतचं नाव आलं तेव्हा त्यानं ते दोनदा वाचलं होतं. निवृत्त माणसांना नेलं तर चालेल का, असं कुणीतरी विचारलं आणि सगळे हो म्हणाले, त्यानंही हो म्हटलं. साजगावात दोघांची घरं तीन गल्ल्यांच्या अंतरावर होती. श्रीपत नेहमी 'जयभीम, नरेश' म्हणायचा, तोही 'जयभीम, काका' म्हणायचा, आणि पाय न थांबवता पुढं जायचा. एकदा उज्वलानं, त्याच्या बायकोनं, विचारलं होतं, "त्या काकांचं आणि तुमचं काही बिनसलंय का?" "नाही," तो म्हणाला होता, आणि ते खरं होतं. काही बिनसलं नव्हतं. चार वर्षांत श्रीपत त्याला त्या एका गोष्टीबद्दल एक शब्दही बोलला नव्हता.

चार वर्षांपूर्वी टाकीखात्यात रोहिदास नावाचा मुलगा होता. कशेळ्याच्याही वरच्या एका वाडीतला. साडेपाचला पाळी सुटली की कर्जतहून कशेळ्याची शेवटची जीप मिळायची मारामार, म्हणून तो दहा मिनिटं आधीच मागच्या दारानं सटकायचा आणि जाता जाता टोकन नरेशच्या टेबलावर ठेवून जायचा. "साहेब, तेवढं साडेपाचला लावा." नरेश लावायचा. त्याला त्यात काही वाटत नव्हतं, सगळेच एकमेकांचं लावत. कुणाची आई दवाखान्यात, कुणाची गाडी चुकणार. कारखान्यात माणसाला माणूस याच कामाला उपयोगी पडत होता. त्या दिवशी दुपारीच रोहिदासनं टोकन टेबलावर ठेवलं आणि पाच वाजून वीस मिनिटांनी कुणीतरी त्याला परत बोलावून टाकीच्या तळाचा गाळ खरवडायला आत उतरवलं. नरेशला ते माहीत नव्हतं. साडेपाचला त्यानं टोकन लावलं, फळा भरला, त्यानं वहीत सही केली. पुढच्या पाळीचा माणूस टाकीचा पंखा चालू करायला बटणापाशी गेला. पंखा म्हणजे आतली लोखंडी पाती, माल ढवळणारी. तेव्हा श्रीपत हातातला पाना टाकून धावत आला होता. टाकीच्या शिडीखाली दोन चपला होत्या.

"फळा भरलाय काका," नरेश म्हणाला होता.

"फळा काय बघतोस रं, टाकी बघ."

श्रीपत स्वतः आत उतरला. रोहिदासला खांद्यावर घेऊन वर आला तेव्हा आतल्या वायूनं त्या मुलाचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता आणि ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता. पंखा फिरला नाही. मुलगा जगला. चौकशीत विचारलं गेलं, टोकन कुणी लावलं? श्रीपतनं सांगितलं, मी बघितलं नाय. कागदावर आलं की टोकन नजरचुकीनं लागलं. कुणाच्या नजरचुकीनं ते कुणी लिहिलं नाही. श्रीपतनं नरेशकडं एकदाच पाहिलं, फार वेळ नाही, एखाद्या नटाचे आटे गेलेत का हे बघावं तेवढंच. त्यानंतर दोन वर्षांनी तो निवृत्त झाला. सत्काराचा नारळ नरेशच्याच हातून दिला गेला. त्या नारळाच्या शेंड्या तळहाताला टोचल्या होत्या, ते त्याला नीट आठवतं.

रोहिदास परत कामावर आला नाही. एकदा, मागच्या उन्हाळ्यात, नरेश काही कामानं कशेळ्याला गेला होता. बाजाराच्या तोंडाशी टायर पंक्चरच्या दुकानात रोहिदास बसलेला दिसला. गिऱ्हाइकाला काहीतरी सांगत होता, आणि अर्ध्या वाक्यात थांबून समोर बघत राहिला, जसं कुणी दुसऱ्या खोलीतून हाक मारलीय. गिऱ्हाईक सवयीनं थांबून राहिलं. मग वाक्य पुढं गेलं. नरेश जीपमधून उतरला नाही. त्याच जीपनं परत कर्जतला आला, काम न करताच, आणि वाटेत त्याच्या मनात आलं की रोहिदासला आता काही आठवत नसेल, आपल्याशिवाय हे सगळं जगात फक्त एका माणसाला माहीत आहे, आणि तो माणूस आता म्हातारा आहे. हा विचार त्यानं मुद्दाम आणला नव्हता. तो आपोआप आला, जीपच्या धक्क्यांबरोबर, आणि त्यातलं 'म्हातारा आहे' हे त्याला पुढचे कितीतरी दिवस बोचत राहिलं.

"ए नरेश," पदू आता उठून पुढं आला होता. "सहा पंचवीस झाले. आमच्यातल्या बायकांना घरी जाऊन सैपाक करायचाय. कर्जत सोडून मग काय ते ठरवा ना."

"कर्जत उलट्या बाजूला हाय," गंगाबाई म्हणाली.

"मग काकू, आमी काय अलिबागला मुक्कामाला जायचं? पुन्हा किल्ला बघायचा?"

"तू एक बघ नायतर नको बघू. तुझी आई आली असती सहलीला, आणि मागं ऱ्हायली असती, मग मी तुला विचारलं असतं, सैपाकाचं काय म्हणून."

पदू म्हणाला, "तसं नाय म्हणत हो मी." पिशव्या उचलायला लागला. "चला, उतरा. खोपोलीपर्यंत रिक्षा मिळंल. उतरा रं, उतरा." नऊ माणसं एकेक करत खाली गेली. जाताना प्रत्येक जण नरेशच्या मांडीवरच्या फळ्याला ओलांडून गेला आणि दोघांनी सवयीनं आपलं टोकन आहे ना हे पाहिलं.

साईनाथनं दोन्ही पोरींना बायकोबरोबर घरी पाठवून दिलं आणि परत येऊन गंगाबाईच्या मागच्या सीटवर बसला. त्यानं काकूंच्या खांद्याला हात लावला नाही, नुसता बसला. "नरेशभाऊ," तो म्हणाला, "काकांचं टोकन लागलं तेव्हा तुम्ही काकांना बघितलंत ना?"

प्रश्न साधा होता. विचारणाऱ्याच्या मनात काही नव्हतं. नरेशनं मान वळवली. बाहेर उजेड राखाडी झाला होता, चिमणीचा लाल दिवा त्यामुळं जास्तच लाल दिसत होता. दुपारी एक पस्तीसला किल्ल्याच्या आत, गोड्या पाण्याच्या तळ्यापाशी, श्रीपत स्वतःहून त्याच्याजवळ आला होता. त्याआधी तो बराच वेळ तटाजवळ उभा होता आणि दोन दगडांमधल्या फटीत हात घालून बघत होता. "चुना नाय, काय नाय," तो म्हणाला, जणू त्यांचं बोलणं कालच अर्धवट राहिलं होतं. "नुसतं एकावर एक बसवलंय. फटीतनं पाणी आरपार जातं, म्हणून लाट मारते त्याचा धक्का बसत नाय. चुन्यानं बांधला असता तर फुटला असता." नरेश म्हणाला, "हो का?" फिटर माणूस भिंतीचं बोलत होता, आणि नरेशला ते भिंतीचं वाटत नव्हतं. मग श्रीपतनं खिशातून चौदा नंबर काढून त्याच्यापुढं धरलं. "माझ्या खिशाला भोक हाय रं. पितळ हाय, पाण्यात पडंल. तूच ठेव." आणि टोकन त्याच्या हातात पडल्यावर, "नायतरी लावायची तुला सवय हाय."

बोलताना तो हसला होता का? नरेश गेले पाच तास ते आठवायचा प्रयत्न करत होता. डोळ्यांपाशी सुरकुत्या पडल्या होत्या, पण समोर ऊन होतं, उन्हानंसुद्धा पडतात. चार वर्षांत पहिल्यांदा तो विषय निघाला होता आणि निघाला तो असा, गमतीत, किंवा गंमत नव्हतीच. कदाचित म्हाताऱ्याला म्हणायचं होतं की झालं गेलं, आता हलकं करू या. कदाचित म्हणायचं होतं की मी विसरलो नाही. नरेशनं टोकन शर्टाच्या खिशात टाकलं. "तो पलीकडचा छोटा कोट बघून येतो," श्रीपत म्हणाला, "दगडांवरनं वाट दिसते." म्हणजे सर्जेकोट, उत्तरेकडचा, मोठ्या किल्ल्यापासून दगडांच्या बांधावरून जायचं. नरेशनं नुसती मान हलवली. किती वाजता परत यायचं ते सांगायला हवं होतं, ते त्याचं कामच होतं. सकाळपासून प्रत्येकाला त्यानं तीन-तीनदा सांगितलं होतं. श्रीपतला सांगितलं नाही. श्रीपत वळला आणि पांढरी टोपी तटाच्या सावलीत गेली. त्यानंतर कुणीही त्याला नक्की असं पाहिलं नव्हतं.

तीन चाळीसला किनाऱ्यावर घोडागाडीवाले ओरडत होते, पाणी भरतंय, चला चला. शेवटची माणसं मांड्यांपर्यंत भिजून आली. सदू हॉर्न देत होता, पेणला ट्रॅफिक लागेल म्हणत होता. फळ्यावर सत्तावीस टोकनं होती आणि चौदा नंबरचा खिळा रिकामा होता, आणि चौदा नंबर त्याच्या शर्टाच्या खिशात होतं, छातीला त्याची कड लागत होती. चहाच्या टपरीपाशी गर्दी होती. त्या गर्दीत एक पांढरी टोपी दिसली. पाठमोरी. स्वेटर होता का? असावा. त्यानं टोकन काढून लावलं आणि म्हणाला, "आले सगळे, चला." फळा भरला की त्याचं काम संपतं. त्यानं मागं वळून पाहिलं नाही, पेणला नाही, वडखळला गाडी वीस मिनिटं अडकली तेव्हाही नाही. आता, रिकाम्या गाडीत, तो स्वतःला थंड डोक्यानं विचारत होता, जसं चौकशीत विचारतात: टोपी पाहून टोकन लावलं, की टोकन लावायचं होतं म्हणून टोपी पाहिली? ते अडीच तास त्याला हलकं वाटलं होतं, हे त्याला नाकारता येत नव्हतं. गाडीत श्रीपतची ती नजर नव्हती आणि त्याला ते कुठंतरी ठाऊक होतं, आणि तो खिडकीबाहेर मिठागरं बघत आला होता.

"भाऊ?" साईनाथ म्हणाला.

नरेशनं फोन उचलला. सहा एक्केचाळीस. त्याच बाई.

"मघाशी मी चुकीचं सांगितलं," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही, पण शब्द नीट येत होते. "ते गाडीपर्यंत आलेले मी पाहिलं नाही. टोकन मी लावलं. त्यांनी ते माझ्याजवळ दिलं होतं. एक पस्तीसला ते सर्जेकोटाकडं जातो म्हणाले. त्यानंतर त्यांना कुणी पाहिलं नाही. ते किल्ल्यावर असतील. किंवा पाण्यात."

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज. "मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"नाही सांगितलं."

"आमची माणसं स्टँडवर फिरतायत हो. आता अंधार पडला. होडीवाल्याला बोलवायला पाहिजे. नाव सांगा तुमचं पूर्ण." त्यानं सांगितलं. हुद्दा विचारला, तोही सांगितला. बाईंनी फोन ठेवला.

साईनाथ त्याच्याकडं बघत होता, आणि ती नजर नरेशला ओळखीची होती. सदूनं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. गंगाबाई समोर काचेतून बघत होती.

"बाई पयल्यांदा विचारत व्हती, तवा बी तुला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"हो."

"किती येळ झाला त्याला?"

"तेवीस मिनिटं."

तिनं मान हलवली, जसं दुकानदार वजन सांगतो आणि आपण ऐकून घेतो. मग म्हणाली, "पवायला येतं त्याला. तीच भीती हाय. पाताळगंगेला पूर असला तरी उडी घालायचा. पर नदीचं पानी एका बाजूनं येतं, माणसाला दिसतं. समुद्राचं कुठनं येतं ते त्याला काय ठावं? तो म्हणंल, एवढंसं तर हाय, जातो पवत." तिनं हातातली बॅटरी लावून पाहिली आणि बंद केली. "का लावलंस रं ते? काय केलं व्हतं त्यानं तुझं?"

"काही नाही काकू," नरेश म्हणाला. "त्यांनी काहीच केलं नव्हतं." आणि मग, ज्याला चार वर्षं शब्द सापडले नव्हते ते फार थोड्या शब्दांत सांगून झालं. रोहिदास, टाकी, साडेपाच, चौकशी. सांगताना त्यानं कुठंही स्वतःची बाजू घातली नाही. त्यात त्याला काही मोठेपणा वाटला नाही. वेळ आणि घटना सांगायच्या, एवढंच त्याला येत होतं. साईनाथनं मधेच "आयला" म्हटलं आणि तोंड फिरवलं.

"मला बोलला नाय कधी," गंगाबाई म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "सदू, आता तरी फिरवणार का नाय?"

सहा पन्नासला गाडी फिरली. साजगावचे दिवे मागं गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात काढून झालेली शेतं होती आणि त्यांवर धूर पसरला होता, कुणीतरी काडीकचरा पेटवला असावा. नरेशनं फळा मांडीवरून काढून सीटखाली सरकवला. हात मोकळे झाले आणि त्यांचं काय करायचं ते त्याला कळेना. गंगाबाई दोन सीट पुढं होती. तिचा अंबाडा गाडीच्या धक्क्याबरोबर हलत होता. तिनं त्याला खाली उतर असं म्हटलं नव्हतं. ये असंही म्हटलं नव्हतं. साईनाथ उठून त्याच्यापासून लांब, पलीकडच्या रांगेत जाऊन बसला. समोरून पेणकडून येणाऱ्या गाड्यांची रांग होती, सहलींच्याच गाड्या बऱ्याचशा, काचांवर फुलांच्या माळा, आत गाणी. प्रत्येक दिवा डोळ्यांवर आला की नरेशला वाटायचं यातल्या एखाद्या गाडीत श्रीपत असेल, कुणीतरी घेतलं असेल, पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला इंजिनाचा आवाज कशानं येतो ते सांगत असेल. दिवा निघून गेला की समोर पुन्हा पाणी यायचं. सर्जेकोटाचा बांध, त्यावर चढत आलेलं पाणी, आधी घोट्याएवढं. नरेश आता मनानं सव्वातीन तासांपूर्वीच्या श्रीपतच्या जागी उभा होता आणि किनाऱ्याकडं बघत होता. किनाऱ्यावर गाडी उभी होती, हॉर्न देत होती. आपल्यासाठीच थांबलीय, असं श्रीपतला वाटलं असणार. आपलं टोकन लागलेलं नाही, तोवर गाडी हलणार नाही, एवढा तर त्याचा फळ्यावर विश्वास असणार. चार वर्षांपूर्वी ज्यानं फळ्यावर विश्वास ठेवला नव्हता, त्यानंच. आणि मग गाडी हलली.

"काय झालं?" गंगाबाईनं मागं न वळता विचारलं. त्याच्या तोंडून आवाज निघाला होता.

"काही नाही."

"घुसमटू नको हितं. खिडकी उघड."

त्यानं खिडकी उघडली. थंड वारा आणि धुराचा वास आत आला.

सात बावीसला वावोशीच्या पुढं त्याचा फोन वाजला. त्यानं स्पीकर लावला, कारण गंगाबाईनं वळून हात पुढं केला होता. ठाण्यातल्या बाई वाचून दाखवल्यासारखं बोलत होत्या. सहा अठ्ठावन्नला होडी गेली, होडीवाला आणि एक हवालदार. मोठ्या किल्ल्यात देवळापाशी, तळ्यापाशी, तटावर पाहिलं, कुणी नाही. सर्जेकोटाचा बांध पाण्याखाली आहे. होडी त्या बाजूला नेली, पण खडक आहेत आणि लाट मोठी आहे, लागत नाही. बॅटरीच्या उजेडात कोटाच्या पायरीवर कपड्यासारखं काहीतरी दिसतं, तपकिरी रंगाचं. माणूस आहे की नुसताच स्वेटर, ते तिथून सांगता येत नाही. हाका मारल्या. होडी तिथंच थांबलीय.

"हलतंय का?" गंगाबाई फोनमध्ये म्हणाली.

"वाऱ्यानं हलतंय असं म्हणाले," बाई म्हणाल्या. पाणी आठ पाचपर्यंत चढणार होतं.